अनामत

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या शाळांमध्ये एक खूळ शिरलं. शाळेने दिलेल्या लॅपटॉपच्या चार्जिंगच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं किंवा कागदांना लावायची लोखंडी क्लिप खुपसायची, आतून धूर निघेपर्यंत वाट पाहायची आणि सगळा प्रकार मोबाइलवर टिपून टिकटॉकवर टाकायचा. लिथियम-आयन बॅटरी पेटली की तिचा धूर विषारी असतो. काही शाळांच्या इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. पालकांना पत्रं गेली, अग्निशमन दल आलं, काही मुलांवर पोलीस कारवाई झाली.

या सगळ्यात एक बारकावा होता. धूर निघत होता तो लॅपटॉप शाळेचा, आणि चित्रीकरण होत होतं तो मोबाइल स्वतःचा. एकाच मुलाच्या हाताशी दोन यंत्रं, दोन्ही नाजूक, दोन्ही महाग. त्यातल्या एकाच्या काचेवर दुसरी काच चिकटवून तो त्याला जपतो आणि दुसऱ्याचा जीव घेतो.

मराठी वाचकाने यावर हसण्याची घाई करू नये. एसटीच्या सीटचं ब्लेडने फाडलेलं रेक्झिन, कर्कटकाने बाकावर कोरलेली नावं, वाचनालयाच्या पुस्तकातून नेमकी हवी तेवढीच फाडून नेलेली पानं हे सगळं आपल्याही ओळखीचं आहे. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण माणसांबद्दल असली, तरी वस्तूंनाही ती तितकीच लागू पडते. शिवाय सार्वजनिक वस्तू दुसऱ्याचीही नसते, ती कुणाचीच नसते. दुसऱ्याच्या वस्तूला निदान मालकाचा धाक असतो.

हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या भागात प्लेटोशी वाद घालताना हाच मुद्दा काढला होता. जी गोष्ट जितक्या जास्त लोकांची, तितकी तिची निगा कमी; जो तो आपापल्यापुरतं पाहतो आणि बाकीचं दुसरा कुणी पाहील असं धरून चालतो. त्यावर त्याचा उपाय सरळ होता. वस्तू ज्याची त्याला द्यावी. आपलेपणा आला की काळजी आपोआप येते.

चोवीस शतकांनंतर या उपायाची जगभर परीक्षा झाली. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ साली दावोसमध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ हे प्रकल्पाचं नाव. त्याच वर्षी ट्युनिस इथल्या जागतिक परिषदेत यंत्राचा पहिला नमुना दाखवला गेला, तेव्हा वीज तयार करण्यासाठी बसवलेला हँडल फिरवताना तो संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हातातच निखळला. पुढे तो हँडल रद्द झाला आणि हिरव्या-पांढऱ्या रंगाचं, खरोखर दणकट असं यंत्र तयार झालं. पाणी उडालं तरी चालेल असा रबरी पडद्याचा कीबोर्ड, वर उघडणारे सशाच्या कानांसारखे दोन अँटेना, आणि ते मिटले की खाचा झाकल्या जाऊन धूळ अडायची. किंमत मात्र शंभरात कधीच बसली नाही. ती दोनशे डॉलरच्या आसपास राहिली.

प्रकल्पाच्या पाच तत्त्वांत पहिलंच तत्त्व मालकीचं होतं. लॅपटॉप शाळेचा नाही, मुलाचा. तो घरी न्यायचा, उशाशी ठेवायचा, वापरून वापरून आपलासा करायचा. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेतही ही यंत्रं आली आणि जेमतेम विसेक मुलांच्या हातात पडली.

सगळ्यात मोठी खरेदी पेरूने केली. तिथे आठ लाखांहून अधिक यंत्रं वाटली गेली. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. पुष्कळ मुलं यंत्र घरी नेतच नव्हती. तुटलं-फुटलं, चोरीला गेलं तर भरपाई कोण देणार या भीतीने काही शाळा ते देत नव्हत्या आणि काही पालक ते घेत नव्हते. पराग्वेत याच यंत्रांच्या मागावर काही वर्षं राहिलेल्या मॉर्गन एम्स या संशोधिकेने २०१९ च्या ‘द करिझ्मा मशीन’ या पुस्तकात उलट टोकाचं चित्र दाखवलं. तिथे यंत्र मुलाच्या मालकीचं, म्हणून मोडल्यावर दुरुस्तीचा भारही बहुतेक वेळा घरावरच आला. सुटे भाग परवडेनात, तेव्हा यंत्रं कोपऱ्यात पडून राहिली.

म्हणजे एका ठिकाणी मालकी कागदावर होती आणि यंत्र कपाटात राहिलं. दुसऱ्या ठिकाणी मालकी खरी होती आणि यंत्र मोडकं राहिलं. ॲरिस्टॉटलचं निदान बरोबर असेलही, पण त्याचं औषध पुरेसं नाही. ‘माझं आहे म्हणून जपतो’ एवढ्यावर भागत नसेल, तर जे आपलं नाही ते माणसाने का जपावं? आणि मुळात जपायचं म्हणजे काय करायचं?

या प्रश्नाला एक उत्तर सह्याद्रीतच उभं आहे. देवराई कुणा एकाच्या मालकीची नसते. व्यवहारात ती गावाची, श्रद्धेने देवाची. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने तिची पहिली तोड व्हायला हवी होती. पण कित्येक देवरायांतून वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी आणत नसत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या रायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचा डोंगर बोडका झालेला असतानाही रायांतली जुनी झाडं टिकून असल्याचं त्यांना दिसलं. काही देवराया आज संपल्या आहेत हेही खरं. पण ज्या टिकल्या त्या देवाच्या धाकाबरोबर गावाच्या नजरेमुळेही टिकल्या. राईत कोण शिरलं, काय नेलं, हे प्रत्येकाला ठाऊक असे. ‘कुणाचीच नाही’ आणि ‘आपल्या सगळ्यांची’ यांत मालकीचा फरक फारसा नाही. फरक आहे तो पाहणारे डोळे असण्या-नसण्याचा.

वस्तू आपली नसताना ती जपण्याचं शास्त्र ज्यांनी सर्वात बारकाईने रचलं ते संन्यासी होते. त्यात नवल नाही. स्वतःचं काहीच नसलेल्या माणसांना रोज शंभर वस्तू वापराव्या लागतात, आणि त्या सगळ्या संघाच्या असतात.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या तेहतिसाव्या प्रकरणात भिक्षूने स्वतःचं म्हणून काय बाळगू नये याची यादी आहे, आणि तिची सुरुवात पुस्तक, लिहायची पाटी आणि लेखणी यांनी होते. मेण लावलेली ती पाटी म्हणजे त्या काळचा लॅपटॉपच. ती तुझी नाही, असं सांगून बेनेडिक्ट थांबत नाहीत. मठाच्या कोठारावर नेमलेल्या भिक्षूने तिथली साधी भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांइतक्या आदराने हाताळावीत, असं ते एकतिसाव्या प्रकरणात सांगतात. बत्तिसाव्यात मठाधिपतीला आज्ञा आहे: कोणतं अवजार कुणाला दिलं याची यादी ठेव, म्हणजे काय दिलं आणि काय परत आलं हे कळेल. वस्तू घाणेरडी ठेवणाऱ्याला, हेळसांड करणाऱ्याला समज द्यायची.

एका बाजूला वेदीवरच्या पात्राचा आदर, दुसऱ्या बाजूला कारकुनी नोंदवही. बेनेडिक्ट यांना दोन्हींत विसंगती वाटली नाही.

मराठी घराला यातला पहिला भाग चांगला कळतो. खंडेनवमीला कोयता, रंधा, शिवणयंत्र, रिक्षा यांना झेंडूची माळ पडते. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा होते, आणि हल्ली त्या पाटीशेजारी लॅपटॉपही हळदीकुंकू लावून घेतो. पुस्तकाला पाय लागला तर हात आपसूक आधी पुस्तकाकडे आणि मग कपाळाकडे जातो. पण पूजा वर्षातून एकदा होते आणि बिजागरी रोज मोडत असते. पूजेच्या दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप पडद्याला धरून उचलला जातो, कीबोर्डवर पेन विसरून झाकण दाबलं जातं, दप्तरात पाण्याच्या बाटलीखाली तो चेपला जातो. आदर असतो, सवय नसते.

सवयीचा धडा बौद्ध भिक्षूंच्या विनयात, म्हणजे नियमसंग्रहात, आहे. थंडीच्या दिवसांत भिक्षूंनी संघाचे मंचक आणि बसण्याची आसनं उन्हात बाहेर काढली, ऊन खात बसले, आणि वेळ होताच सगळं तसंच टाकून निघून गेले. आसनं भिजली. त्यावरून नियम झाला: संघाची खाट, आसन, गादी उघड्यावर मांडली असेल तर जाण्यापूर्वी ती उचलून ठेवावी किंवा दुसऱ्याला सांगून तरी जावं, नाहीतर दोष. मोक्षासाठी घर सोडलेल्या माणसांना, खुर्ची आत ठेवली का, असं विचारणारा हा नियम वरवर क्षुल्लक दिसतो. त्यामागची समजूत अशी की, ज्याला समोरची खुर्ची दिसत नाही त्याला स्वतःचं मनही दिसायचं नाही. अनवधान एकच असतं, विषय बदलतात.

बेनेडिक्ट यांच्या सेहेचाळिसाव्या प्रकरणात मात्र शाळांच्या सर्वात कामाची गोष्ट आहे. काम करताना कुणाच्या हातून काही मोडलं किंवा हरवलं, तर त्याने ताबडतोब मठाधिपतीसमोर आणि बंधूंसमोर येऊन आपण होऊन सांगावं. तसं न करता ते दुसऱ्याकडून कळलं, तर शिक्षा अधिक कडक. मोडणं आणि लपवणं हे इथे दोन वेगळे अपराध आहेत, आणि दुसरा मोठा आहे.

शाळेने पालकांकडून सही घेतलेली हमीपत्रं वाचली तर हिशेब बहुधा उलटा दिसतो. पडद्याला तडा, एवढे पैसे. चार्जर हरवला, तेवढे पैसे. वेळेत सांगितल्याबद्दल काही सवलत असल्याचं क्वचितच दिसतं. मूल हुशार असतं. ते कडेला आलेली बारीक चीर कव्हरखाली झाकतं, फुगलेल्या बॅटरीने झाकण वर येतंय हे दिसूनही गप्प बसतं, आणि महिन्याभराने चीर पडदाभर पसरते. फुगलेली बॅटरी तर खरोखर धोक्याची. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही, त्याच क्षणी शिक्षकांना सांगायचं. दंडाच्या भीतीने नेमकं हे सांगणंच बंद पडतं.

उसन्या वस्तूचं काय झालं तर कुणी काय भरायचं, यावर धर्मशास्त्रांनी आणि राजनीतीच्या ग्रंथांनी भरपूर डोकं चालवलेलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणाच्या बाराव्या अध्यायात, मागून आणलेली आणि भाड्याने घेतलेली वस्तू जशी घेतली तशीच परत करावी असं सांगितलं आहे. पण आपत्तीने किंवा अपघाताने ती गेली तर घेणारा देणं लागत नाही. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ज्यूंच्या मिश्ना या कायदेसंग्रहात दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्यांचे चार प्रकार आहेत: फुकट सांभाळणारा, पैसे घेऊन सांभाळणारा, भाड्याने घेणारा आणि उसनी घेणारा. पहिल्याने फक्त स्वतःच्या हलगर्जीपणाबद्दल भरायचं. मधल्या दोघांनी चोरी आणि हरवण्याबद्दलही. उसनी घेणाऱ्यावर सगळ्यात जड भार, कारण वस्तूचा सगळा फायदा त्याचा. त्याने अपघाताचंही भरायचं. ज्यू कायद्यात मात्र त्याला एक सुटका आहे. ज्या कामासाठी बैल मागून आणला, तेच काम करताना बैल मेला, तर उसना घेणारा सुटला.

हा अपवाद आजच्या वर्गात आणून पाहावा. तीन वर्षं रोज टंकून कीबोर्डवरच्या ‘ई’ची खूण पुसली गेली, किंवा हजारदा उघडझाक होऊन बिजागरी सैल झाली. बैल नांगराला मेला. त्यावर बिल फाडणं अन्याय आहे. पावसात कव्हर न घालता नेलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. इतका साधा भेद पुष्कळशा हमीपत्रांत केलेला नसतो, आणि मुलांना मात्र तो बरोबर कळतो. आठवीच्या वर्गाला दहा प्रसंग सांगून ‘यात भरपाई कुणी द्यावी?’ असं विचारलं, तर तास पुरणार नाही इतका वाद होईल.

इस्लामी न्यायशास्त्रात तर याच मुद्द्यावर मतभेद नोंदलेले आहेत. उसनी घेतलेली वस्तू हनफी पंथाच्या मते अमानत असते, म्हणून हेळसांड झाली नसेल तर भरपाई नाही. शाफई मताने सर्वसाधारणपणे घेणाराच जबाबदार. अमानत ही कल्पना त्या धर्मात फार खोलवर आहे. प्रेषित मुहम्मद यांना मक्केत लोक ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणत. ६२२ मध्ये जिवावर बेतल्यामुळे मक्का सोडताना, लोकांनी आपल्यापाशी ठेवलेल्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी अली यांना मागे ठेवलं, असं परंपरा सांगते.

हाच शब्द मराठीत आला, अक्षरं उलटसुलट होऊन ‘अनामत’ झाला, आणि शाळा-कॉलेजच्या पावतीपुस्तकात जाऊन बसला. अनामत रक्कम: वाचनालय, प्रयोगशाळा, आणि आता लॅपटॉप. गंमत अशी की शब्दाची दिशा वाटेत पालटली. मुळात देणारा विश्वास टाकायचा आणि घेणारा तो पेलायचा. आता देणारा आधी पैसे ठेवून घेतो, कारण त्याचा विश्वास नसतो.

ख्रिस्ताने सांगितलेला एक दृष्टान्त या सगळ्याला वेगळं वळण देतो. मालक परदेशी जाताना तीन नोकरांकडे धन सोपवतो. दोघे ते वापरून वाढवतात. तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरतो आणि मालक आल्यावर जसंच्या तसं काढून देतो. एक कवडी कमी नाही. तरी बोलणी त्यालाच बसतात. पेरूच्या कपाटांत बंद राहिलेली यंत्रं हा तिसरा नोकर आहे. मराठीत ‘जपणं’ आणि ‘जपून ठेवणं’ यांत अंतर आहे. शोकेसमधला टी-सेट जपून ठेवलेला असतो, पाहुणे आले तरी चहा स्टीलच्या पेल्यातच येतो. ज्या शाळेत संगणक कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि यंत्रांवर वर्षभर प्लास्टिकची आवरणं, तिथे तडा गेलेला एकही पडदा सापडणार नाही.

महात्मा गांधींनी या ठेवीच्या कल्पनेला विश्वस्तवृत्ती म्हटलं. गीतेतला अपरिग्रह आपल्याला इंग्रजी कायद्याच्या पुस्तकातल्या ‘ट्रस्टी’ या शब्दामुळे नीट उमगला, असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे. विश्वस्त कोट्यवधींचा कारभार पाहतो, पण त्यातली कवडीही आपली मानत नाही. कारखानदारांपुढे मांडलेला हा विचार मोठा वाटतो. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर यांनी सांगितलेली आठवण त्याला अगदी बोटाएवढा करते. १९१५ च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी गांधी टेबलाखाली-वर काहीतरी शोधत होते. विचारल्यावर कळलं, पेन्सिल. कालेलकरांनी आपली देऊ केली, पण त्यांना तीच हवी होती. ती मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेली होती. शेवटी सापडला तो जेमतेम दोन इंचांचाही नसेल असा तुकडा.

गांधींच्या या शोधाला काटकसर म्हणून सोडून देता येतं. पण पेन्सिलीची किंमत तिथे प्रश्नच नव्हती. वस्तूमागे देणारा दिसत होता. शाळेच्या लॅपटॉपमागे कोण दिसतं? २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले, ते मुंबईकरांच्या करातून. त्या करात त्याच मुलांच्या आईबापांचाही वाटा होता. मुलाला हे सांगायचं तर टॅबवर कुणाचा फोटो चिकटवण्यापेक्षा महापालिकेच्या अर्थसंकल्पाचं एक पान वर्गात वाचलेलं बरं.

आणि देणाऱ्याचं काय? ठेव ठेवून घेणाऱ्याला धर्म असतो, तसा देणाऱ्यालाही असतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन इथल्या शाळांनी सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. चोरीला गेलेलं यंत्र सापडावं म्हणून त्यात एक प्रणाली घातली होती; ती चालू केली की यंत्राचा कॅमेरा दर पंधरा मिनिटांनी फोटो काढून पाठवायचा. २०१० च्या फेब्रुवारीत एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाने खटला भरला, कारण घरी, स्वतःच्या खोलीत असताना त्याचा फोटो शाळेकडे गेला होता. त्याच्या यंत्राचा विम्यापोटीचा ५५ डॉलरचा हप्ता भरलेला नव्हता, एवढंच निमित्त. चौकशीत फोटो आणि पडद्याच्या प्रतिमा मिळून हजारोंचा साठा निघाला. त्याच वर्षी ६,१०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. यंत्राची काळजी घेता घेता मुलाची काळजी सुटली होती. देवराईवर गावाची नजर असे, पण ती राईवर असे, आणि गावही त्या नजरेतून सुटत नसे. इथे पाहणारा लपलेला होता.

बनवणाऱ्यालाही यातून सोडता येत नाही. अमेरिकी शाळांत सर्वाधिक दिसणाऱ्या क्रोमबुक यंत्रांना सुरक्षेचं अद्यतन मिळणं ठरावीक तारखेनंतर बंद होई, आणि ती तारीख खरेदीच्या दिवसावरून नव्हे तर ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाई. म्हणजे मुलाने तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं, एकही ओरखडा नसलेलं यंत्र तारीख उलटली की शाळेच्या दृष्टीने कचरा. ग्राहक संघटनांनी याविरुद्ध ओरड केल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने दहा वर्षांपर्यंत अद्यतन देण्याचं जाहीर केलं. त्याआधीच्या काळात मुलांना ‘नीट वापर’ असं सांगणाऱ्या शिक्षकाच्या बोलण्यात अर्धं सत्य होतं.

या बाबतीत कौशांबीतला एक संवाद वाचण्यासारखा आहे. उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धशिष्य आनंदाला पाचशे चीवरं दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचं हा भिक्षू करणार काय, दुकान मांडणार? त्याने जाऊन विचारलं. ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना देईन, आनंद म्हणाला. मग जुन्या चीवरांचं? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांचं? गाद्यांच्या खोळी. खोळी जुन्या झाल्या की जमिनीवरची अंथरुणं, मग पायपुसणी, मग फडकी. आणि फडक्याच्याही चिंध्या झाल्या की त्या चिखलात कालवून जमीन सारवायची. राजाने खूश होऊन आणखी पाचशे वस्त्रं दिली.

राजाने प्रश्न विचारत जाणं आणि आनंदाने प्रत्येकाला उत्तर देत जाणं, हाच लॅपटॉपच्या निगेचा पाठ होऊ शकतो. हा पाठ फलकावर नियम लिहून होत नाही. पहिल्या दिवशी यंत्र सुरूच करायचं नाही. बेनेडिक्ट यांच्या यादीसारखी वही काढायची आणि मूल व शिक्षक दोघांनी मिळून यंत्र तपासून आधीचे ओरखडे लिहायचे, म्हणजे पुढे कुणाच्या माथी दुसऱ्याचं खापर फुटणार नाही. दोन हातांनी बुडाकडून उचलायचं, झाकण मधोमध धरून उघडायचं, वायर तिच्या डोक्याला धरून काढायची, हे हाताला वळण लागेपर्यंत करायचं. उशीवर-गोधडीवर यंत्र का ठेवू नये, हे तळाच्या झरोक्यांवर हात ठेवून गरम हवा जाणवली की सांगावं लागत नाही. मोडलं तर त्याच दिवशी सांगायचं, आणि सांगणाऱ्याला दंड नाही, असं शाळेने लेखी द्यायचं. वर्षाअखेरीस यंत्र पुढच्या तुकडीकडे देताना त्याच्या खोडी लिहून द्यायच्या: डावीकडची खाच सैल आहे, चार्जर किंचित वर धरावा लागतो. शेजारची वाटीभर साखर उसनी आणली की वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत मराठी मुलांना घरूनच ठाऊक असते.

शंभर डॉलरच्या त्या यंत्राचं शंभराचं गणित चुकलं, गुणांचं चुकलं, मालकीचंही बरंचसं चुकलं. एक गोष्ट मात्र त्याच्या रचनाकारांनी बरोबर ओळखली होती. ते यंत्र साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडता यायचं. नायजेरियात अबुजाजवळच्या गालादिमा गावच्या शाळेत मुलांनी तर लॅपटॉपचा दवाखानाच थाटला होता आणि तिथे ती स्वतःच यंत्रं उघडून दुरुस्त करायची. उघडताना एखादा स्क्रू हरवणार, लहान मुलाच्या हातून तो हरवणारच, हेही धरलेलं होतं. म्हणून यंत्र उचलायच्या मुठीच्या आत, बाहेरून दिसणार नाहीत असे, काही जादा स्क्रू घालून ठेवलेले असत.